न कापलेली सोळा पाने

मी, फुल्हेन्सियो रेकाल्दे इन्स्फ्रान, देमेत्रियो नावाड्याचा मुलगा, वय वर्षे चौऱ्याऐंशी, पूर्वी राजदूत, आजही समीक्षक, आणि तत्त्वज्ञ असल्याचा आरोप अधूनमधून सहन करणारा, राहणार पुएर्तो ओव्हेलार, नदीकडच्या उताराचा रस्ता, दारात आंब्याचे झाड असलेले घर, आज स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असते तर मी इतका आनंदात नसतो.

आज ऑगस्टची पहिली तारीख. आमच्याकडे आजच्या दिवशी उपाशीपोटी कारुलिम प्यायचे असते, म्हणजे उसाची दारू, त्यात सताप आणि लिंबू. ऑगस्ट महिना म्हाताऱ्यांना उचलून नेतो असा समज आहे आणि त्यावर हा उतारा. माझे घर सांभाळणाऱ्या न्या सेफेरिनाने ('न्या' म्हणजे आमच्याकडे 'बाई') सकाळी मला तीन घोट दिले. उद्या एखादा वकील म्हणेल की लिहिणारा प्यायलेला होता. होय, होता. तीन घोट. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण शाबूत आहे आणि रागही बराचसा शाबूत आहे. पुढे तो ज्याच्या त्याला वाटून दिला आहे.

यापूर्वी मी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती दोन्ही रडकी होती.

कलम पहिले. राहते घर, आंब्याच्या झाडासह, न्या सेफेरिना हिला द्यावे. एकतीस वर्षे तिने हे घर आणि मला दोघांना उभे ठेवले आहे. काल तिला हे सांगितले तर ती म्हणाली, "मला कशाला तुमचं घर? छप्पर गळतंय. पाच वर्षं सांगतेय तुम्हाला."

"मग तुझं झाल्यावर दुरुस्त कर."

"म्हणजे मेल्यावरसुद्धा कामाला लावणार मला," ती म्हणाली आणि मानियोकचे कंद सोलायला निघून गेली. हा तिचा होकार समजावा. घर तिला मिळत असल्याने तिला साक्षीदार करता येत नाही, म्हणून ती रागावली आहे. सही करायची तिला फार हौस होती.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक आणि राजधानीतली लहान सदनिका माझी मुलगी एल्विरा हिला द्यावी. एल्विरा वकील आहे. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्याचे कामही तिनेच करावे. ती हे वाचताना भाषेच्या चुका काढील, कारण ती माझी मुलगी आहे.

कलम तिसरे. माझा सोनेरी कशिद्याचा राजदूती कोट, टोपी आणि तलवार गावातल्या शाळेच्या नाटकमंडळाला द्यावी. चार राजधान्यांत मी तो कोट घातला आणि चारही ठिकाणी मला द्वारपाल समजून कुणीतरी स्वतःचा ओव्हरकोट माझ्या हातात दिला. एकदा मी तो नेऊन खुंटीला टांगलासुद्धा. तो गृहस्थ त्या देशाचा अर्थमंत्री निघाला, आणि पुढची दोन वर्षे ओशाळून माझ्या प्रत्येक अर्जावर सही करत राहिला. राजनीती मी पुस्तकातून शिकलो नाही, ती अशी शिकलो.

कलम चौथे. 'वाट पाहण्याविषयी' हा माझा तत्त्वज्ञानाचा एकुलता एक ग्रंथ. त्याच्या उरलेल्या सर्व प्रती घाटावरच्या निवाऱ्यात ठेवाव्यात, म्हणजे होडी येईपर्यंत लोकांना त्या वाचता येतील किंवा बुडाखाली घेता येतील. न्या सेफेरिना म्हणते, वाट पाहण्यावरचं पुस्तक संपण्याची वाट कोण बघणार? पण त्या ग्रंथात मी जे म्हटले ते मला आजही पटते. एका काठावर होडीसाठी थांबलेली माणसे, ओळख नसली तरी, होडी येईपर्यंत एक गाव असतात. हे मला कुठल्या विद्यापीठात सुचले नाही. माझे वडील या घाटावर अडतीस वर्षे होडी चालवत होते आणि मी लहानपणी त्या माणसांत बसून असे.

कलम पाचवे. माझी वेताची खुर्ची श्री. विल्फ्रिदो कान्तेरो यांना द्यावी. ते माझ्या हाताखाली उपसचिव होते, पुढे राजदूत झाले आणि आता राजधानीतल्या एका साहित्यमंडळाचे अध्यक्ष आहेत. त्या मंडळात माझे नाव तीनदा सुचवले गेले आणि तीनदा त्यांनी ते पाडले. त्यांना खुर्च्या फार आवडतात. मी त्यांना क्षमा करत नाही, खुर्ची देतो. खुर्ची का, हे पुढच्या कलमात समजेल. ते कलम लांब आहे. एकतीस वर्षे गप्प बसलेल्या माणसाला एक कलम लांब लिहिण्याचा हक्क आहे.

कलम सहावे. 'पाणकाठची गाणी' या कवितासंग्रहाची माझ्याकडील प्रत. कवी लिओपोल्दो आरिसमेन्दी. पाने एकशे बारा, छपाई १९६९ ची. ही प्रत कोणाला द्यावी हे सांगण्याआधी ती काय आहे ते सांगणे भाग आहे.

त्या काळी पुस्तके कापून येत नसत. सोळा-सोळा पानांच्या घड्या शिवलेल्या असत आणि वाचणाऱ्याने कागद कापायच्या सुरीने त्या उलगडत जायचे. ज्याच्या कपाटातले पुस्तक कापलेले नाही त्याने ते वाचलेले नाही, हे कोणालाही बाहेरून दिसे. लोक पाहुणा म्हणून घरी गेले की यजमानाच्या पुस्तकांच्या कडा आधी बघत.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो आणि 'ला बारांका' या दैनिकात परीक्षणे लिहीत असे. माझा नियम सगळ्यांना ठाऊक होता. पुस्तक तीनदा वाचायचे, एकदा बसून, एकदा उभ्याने आणि एकदा चालत मोठ्याने, आणि मगच लिहायचे. पलीकडच्या काठावरच्या देशातून या तरुण वकिलाने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहून मला प्रत पाठवली. पहिल्या दोन घड्या मी कापल्या. बत्तीस पानांत मला एकोणीस राजहंस भेटले. आमच्या नदीत राजहंस नाहीत, त्यांच्याही नदीत नाहीत, ती एकच नदी आहे. मी वैतागलो. संपादकांचा माणूस दारात उभा होता. मी अकरा ओळी लिहून दिल्या. शेवटची ओळ अशी होती: 'कवीने आता राजहंसांना सोडावे, कारण त्यांनी त्याला केव्हाच सोडले आहे.'

सगळी राजधानी हसली. ती ओळ लोकांनी पाठ केली. मला पहिले सरकारी बोलावणे आले त्यातही या ओळीचा हात होता, असे म्हणतात. आणि आरिसमेन्दी यांनी त्यानंतर एकही कविता छापली नाही. पुढच्या पाच घड्या मी चोवीस वर्षे कापल्याच नाहीत. माझ्या आयुष्यातली ही एकच लबाडी नाही, पण मला छळणारी हीच.

आता १९९३. आपल्या काठापासून अर्ध्या तासावर असलेले पाराकाऊ बेट कोणाचे, याचा वाद दोन्ही देशांत पेटला होता. बेटावर एकेचाळीस कुटुंबे. बेट पलीकडे गेले असते तर त्यांना स्वतःच्या आईबापाच्या थडग्यावर फुले ठेवायला परवाना काढावा लागला असता, कारण बेटावर खोदले की हातभर खोलीवर पाणी लागते आणि म्हणून त्यांचे मेलेले सगळे आपल्या काठावर पुरलेले आहेत. पण हे सिद्ध कसे करायचे? आपल्या चर्चच्या बारशाच्या आणि पुरण्याच्या वह्या दहा वर्षांपूर्वीच्या महापुरात वाहून गेल्या होत्या. पलीकडच्यांकडे मात्र एक जाडजूड वही होती आणि तिच्यात बेटावरची माणसे त्यांची म्हणून लिहिलेली होती. ती वही कोणी आणि केव्हा लिहिली हे विचारण्याची सोय नव्हती.

आपल्या शिष्टमंडळाचा प्रमुख मी. त्यांच्या शिष्टमंडळाचा प्रमुख कोण येतो ते मला आदल्या दिवशी कळले. लिओपोल्दो आरिसमेन्दी.

बैठक इथेच, पुएर्तो ओव्हेलारच्या जुन्या जकातघरात होती. ते आले, टोपी काढली, माझ्याशी हात मिळवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "डॉक्टर रेकाल्दे, माझं एक पुस्तक तुमच्याकडे असेल. मी स्वतः पाठवलं होतं."

"आहे."

"इथे, गावात?"

माझी जुनी पुस्तके आईच्या घरी, म्हणजे याच घरी होती. मी हो म्हणालो.

"मग आज चार वाजता ते घेऊन या. आधी त्याच्याबद्दल बोलू. बेट कुठे पळून जात नाही."

दुपारी सगळे गाव झोपलेले असताना मी आणि विल्फ्रिदो कान्तेरो या टेबलाशी, ज्यावर मी आत्ता लिहितो आहे, ते पुस्तक मधे ठेवून बसलो होतो. कान्तेरोने कडा पाहिल्या आणि कपाळावर हात मारला.

"डॉक्टर, हे तर तुम्ही वाचलेलंच नाही!"

"नाही."

"बरं. एक सुरी आणि दहा मिनिटं. मी कापून देतो."

"ताज्या कडा पांढऱ्या दिसतात, विल्फ्रिदो. त्याला कळेल."

"येर्बाच्या पाण्यात बोट बुडवून फिरवू की. चोवीस वर्षं जुन्या दिसतील." त्याने खरोखरच तेरेरेचा, म्हणजे येर्बाच्या पाल्यावर गार पाणी ओतून नळीने ओढायच्या पेयाचा, पेला पुढे ओढला. मग म्हणाला, "नाहीतर सरळ सांगा, पुरात वाहून गेलं. अर्धं गाव गेलं, एक पुस्तक गेलं तर काय बिघडलं?"

"त्याने सकाळीच विचारलं, आणि मी आहे म्हणालो."

तेव्हा तो चिडला, आणि त्याचे चिडणे अगदीच चुकीचे नव्हते. "तिकडे एकेचाळीस कुटुंबं आहेत आणि तुम्ही इथे पुस्तकाच्या कडा कुरवाळत बसलाय! तो माणूस अपमानाचा सूड उगवायला आलाय. हे असं पुस्तक त्याच्यासमोर ठेवलंत तर तो उठून निघून जाईल. बेट गेलं म्हणून समजा."

मला भीती वाटली नाही असे नाही. सुरी मी उचलली, आणि खाली ठेवली. मी त्याला म्हणालो, "या पुस्तकाबद्दल मी एकदा खोटं बोललोय. दुसऱ्यांदा नाही बोलणार."

"मग मी काही ही आत्महत्या बघायला येत नाही," असे म्हणून कान्तेरो वेताच्या खुर्चीवरून उठला, तीच खुर्ची, कलम पाचवे, आणि निघून गेला. म्हणून चार वाजता जे झाले ते त्याला आजपर्यंत ठाऊक नाही. त्याने पुढे जे पसरवले ते त्याने स्वतः रचलेले आहे.

चार वाजता जकातघराच्या ओसरीवर आम्ही समोरासमोर बसलो. त्यांचे दोन सल्लागार, आमचा एक लेखनिक, बस. तेरेरे एकाच पेल्यातून आळीपाळीने पितात; ओतायला मीच बसलो, कारण जो ओततो त्याला फेरी सोडून उठता येत नाही आणि मला स्वतःला बांधून घालायचे होते. पुस्तक मी त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी ते उघडले. पहिली घडी. दुसरी घडी. तिसरी उघडेना. त्यांनी पुस्तक उभे धरले, कडेवरून बोट फिरवले. पेला त्यांच्यापुढे तसाच राहिला.

मी म्हणालो, "डॉक्टर आरिसमेन्दी, मी बत्तीस पानं वाचली आणि एकशे बारा पानांबद्दल लिहिलं. माझ्याकडे सबब नाही. क्षमा मागतो."

सल्लागार एकमेकांकडे बघू लागले. मग आरिसमेन्दी अगदी हळू म्हणाले, "चोवीस वर्षं मी समजत होतो, तुम्हाला सत्तावन्नावं पान आवडलं नाही."

"मी सत्तावन्नावं पान पाहिलेलंच नाही."

"चोवीस वर्षं!" ते उभे राहिले. "चोवीस वर्षं मी ते पान काढून बघायचो आणि म्हणायचो, यात काय कमी आहे? बायकोला विचारलं. बिशपला विचारलं! आणि तू... हरामखोरा, तू ते वाचलंच नव्हतंस!"

आणि ते हसायला लागले. इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि सल्लागारांनी त्यांना धरून खाली बसवले. मग त्यांनी खिशातून हस्तिदंती मुठीची कागद कापायची सुरी काढली. ती ते घरून घेऊन आले होते. म्हणजे त्यांना संशय होता, की आशा होती, हे मी पुढे तीस वर्षे विचारत राहिलो आणि त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही.

"काप," ते म्हणाले. "आणि मोठ्याने वाच. तुझा नियम मला माहीत आहे."

मी तिसरी घडी कापली, वाचली. राजहंस संपले होते. नदी सुरू झाली होती, आमची, गढूळ, लव्हाळ्यांची. मी चौथी घडी कापली आणि सत्तावन्नाव्या पानावर आलो.

त्या कवितेत कायद्याचा एक विद्यार्थी सुटीत फिरत फिरत पाराकाऊ बेटावर येतो. त्या दिवशी बेटावरचे कोणीतरी गेलेले असते. नावाडी पेटी होडीत आडवी घेतो आणि तिच्यावर ऊन नको म्हणून स्वतःची टोपी ठेवतो. नावाड्याच्या डाव्या हाताला तीनच बोटे आहेत. विद्यार्थी विचारतो, यांना कुठे नेता? नावाडी म्हणतो, 'घरी. बेटावरचे आम्ही सगळे त्या काठावर बारसे करतो आणि त्याच काठावर झोपतो.' काठ जवळ येतो आणि ओव्हेलारची घंटा वाजू लागते.

डाव्या हाताला तीन बोटे. दोन बोटे दोरखंडाने नेली होती, मी सात वर्षांचा असताना. माझ्या वडिलांचा एकही फोटो नाही. ते कसे दिसत, कसे बोलत, हे माझ्या डोक्याखेरीज जगात कुठे उरलेले आहे असे मला वाटत नव्हते. ते माझ्याच कपाटात, माझ्याच आईच्या घरात, चोवीस वर्षे घडीत मिटलेले होते. मला पुढे वाचता येईना. आरिसमेन्दींनी माझ्या हातातून पुस्तक घेतले आणि उरलेल्या चार ओळी त्यांनीच पाठ म्हणून दाखवल्या.

"ते माझे वडील होते," मी म्हणालो.

"तो नावाडी?"

"देमेत्रियो रेकाल्दे. जन्म बेटावरचा."

त्यांनी टोपी काढली.

आता इथे मी राजदूत म्हणून काय केले ते लिहितो, कारण त्याचा मला अभिमान आहे आणि अभिमान लपवण्याचे माझे वय राहिलेले नाही. डोळे पुसले, पेला भरला, त्यांच्या हातात दिला आणि विचारले, "ही कविता खरी आहे का?"

त्यांच्या लगेच लक्षात आले. सल्लागारांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, मग त्यांतला एक जण घाईने म्हणाला, "साहेब, कविता म्हणजे कल्पना असते. तिला पुरावा म्हणता येत नाही."

"बरोबर," मी म्हणालो. "कल्पना असेल तर तुमची वही खरी, आणि माझं परीक्षणही राहू द्या, कारण मग ही कविता म्हणजे एकोणीस राजहंसांनंतरचा विसावा राजहंस. पण डॉक्टर आरिसमेन्दी त्या होडीत खरंच बसले असतील, तर माझे वडील जे बोलले ते तुमच्याच शिष्टमंडळाच्या प्रमुखाने छापून ठेवलंय, तुमच्याच देशात, कोणी मागितलेलं नसताना."

आरिसमेन्दींनी तेरेरे शेवटच्या घोटापर्यंत ओढले. नळी खरखर वाजली. "त्या होडीत मी होतो," ते म्हणाले. "शब्दन् शब्द खरा आहे. ती वही बंद करा."

"साहेब!"

"बंद करा म्हटलं ना. सत्तावन्नाव्या पानावर मी चोवीस वर्षं जीव टाकलाय. आता एका खोट्या वहीसाठी ते खोटं म्हणू होय?"

पाराकाऊ बेट तिथे, त्या ओसरीवर, संध्याकाळ व्हायच्या आत आमचे झाले. एक गोळी नाही, एक पैसा नाही, एक इंच वाळूही बदल्यात दिली नाही. करारात एवढेच लिहिले की उभय पक्षांचे समोर आलेल्या लेखी पुराव्याने समाधान झाले आहे. पुरावा कोणता हे लिहायचे नाही, अशी आरिसमेन्दींनी मला विनंती केली. कवितेपायी बेट गमावले असे त्यांच्या देशात कळले असते तर त्यांची धडगत नव्हती. त्यांच्या हयातीत मी कोणाला सांगणार नाही, असा शब्द मी दिला. सल्लागार आणि लेखनिक यांनीही दिला आणि पाळला.

कान्तेरोने मात्र राजधानीत जाऊन सांगितले की रेकाल्देने आरिसमेन्दीच्या वाईट कविता चांगल्या म्हणून छापायचे कबूल केले आणि त्या लाचेवर बेट मिळवले. समीक्षकाने आपली लेखणी विकली, असे अग्रलेख आले. आता गंमत पाहा. त्या कविता चांगल्या आहेत, हे मला आता ठाऊक होते. पण तसे एक अक्षर जरी मी छापले असते, तर लाच दिली हे सिद्ध झाले असते. म्हणून ज्या माणसावर मी अन्याय केला त्याच्यावरचा तो अन्याय मला एकतीस वर्षे दूर करता आला नाही. मंडळाची खुर्ची गेली त्याचे मला काही नाही. हे मात्र रोज टोचले.

आरिसमेन्दींना टोचले नसावे. ते दर वर्षी सप्टेंबरात बेटावर येत, मी इकडून जाई, आणि शाळेच्या ओसरीवर आम्ही तेरेरे घेत भांडत असू. एकदा मी म्हणालो, "लिओपोल्दो, तुझं नाव मला लोकांसमोर धुऊन काढायचंय." तो म्हणाला, "एका वाचकाने वाचलं, पुरे झालं. तू चिपा खा, चीजचा पाव आहे, गार होतोय."

त्या पहिल्या संध्याकाळी मी सहावी घडी वाचून सातवीला सुरी लावली, तेव्हा त्याने माझा हात धरला होता. "शेवटची सोळा पानं आज नको. सगळं आजच वाचलंस तर मला पुन्हा भेटायला कशाला येशील?" पुढे दर वर्षी मी विचारायचो, आता कापू? दर वर्षी तो म्हणायचा, पुढच्या वर्षी. ती सोळा पाने अजून तशीच आहेत. मी कधी आत डोकावूनसुद्धा पाहिले नाही.

गेल्या जूनमध्ये लिओपोल्दो गेला. त्याच्या वकिलाकडून एक पुडके आले. आत हस्तिदंती मुठीची सुरी आणि एक चिठ्ठी: 'आता काप.' मी दिलेला शब्द त्याच दिवशी संपला.

म्हणून या कलमान्वये असे ठरवतो. सदर पुस्तक पाराकाऊ बेटाच्या शाळेला द्यावे. ते कपाटात बंद ठेवू नये. दर वर्षी एका मुलीने किंवा मुलाने सत्तावन्नावे पान सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, आणि बेटावरच्या माणसांना समजावे की ती इथली कशामुळे आहेत. माझ्या वडिलांचे वल्हे शाळेच्या भिंतीवर लावावे. सुरी एल्विराला. तिने ती वापरावी, शोभेला ठेवू नये.

कलम सातवे. खालील मजकूर 'ला बारांका' दैनिकात, १९६९ चे परीक्षण ज्या पानावर आले होते त्याच पानावर, त्याच जागी, माझ्या नावाने छापावा. ओळी अकराच होतात, मी मोजल्या आहेत. शेवटची सोळा पाने मी आज सहीनंतर वाचणार आहे, त्याआधी हा मजकूर छापायला देऊ नये.

'श्री. लिओपोल्दो आरिसमेन्दी यांच्या पाणकाठची गाणी या संग्रहाचे परीक्षण मी याच जागी लिहिले होते. ते मागे घेतो, कारण पुस्तक मी वाचलेले नव्हते. आता वाचले आहे. पहिल्या बत्तीस पानांत राजहंस आहेत, त्यांना वाचकाने धीराने ओलांडावे. त्यापुढे नदी आहे. माझ्या भाषेत आणि माझ्या काळात आमच्या नदीबद्दल यापेक्षा खरे कोणी लिहिलेले नाही. सत्तावन्नाव्या पानावर एक नावाडी मेलेल्याच्या पेटीवर आपली टोपी ठेवतो. त्या एका टोपीने एकेचाळीस घरे आपापल्या काठावर राहिली. कवीने आणखी लिहायला हवे होते. त्याने लिहिले नाही याला जबाबदार माणूस खाली सही करतो आहे.'

कलम आठवे. मला आपल्या काठावर, वडिलांशेजारी पुरावे. पेटी मात्र आधी होडीतून बेटाला एक फेरी मारून आणावी. भाषणे नकोत. कान्तेरो आले तर त्यांना बसायला वेताची खुर्ची द्यावी.

हे सर्व मी वाचून पाहिले, ते माझे आहे, आणि मला त्याचा आनंद आहे.

सही: फुल्हेन्सियो रेकाल्दे इन्स्फ्रान

आमच्या समक्ष सही झाली. लिहिणाऱ्याने आम्हालाही कारुलिम दिले हे त्यांच्या सांगण्यावरून नमूद करतो.

साक्षीदार: आबेलार्दो फ्रान्को, औषधविक्रेते
साक्षीदार: देओलिंदा सारुबी, बेटाच्या होडीच्या सध्याच्या चालक

ठिकाण: पुएर्तो ओव्हेलार. दिनांक: १ ऑगस्ट २०२४, सकाळी दहा.

ताजा कलम, त्याच दिवशी, दुपारी चार. साक्षीदारांना मी जेवायला थांबवून घेतले. त्यांच्यासमोर लिओपोल्दोच्या सुरीने सातवी घडी कापली आणि माझ्या नियमाप्रमाणे तीनदा वाचली, बसून, उभ्याने, आणि मग आंब्याखाली चालत मोठ्याने. न्या सेफेरिनाने खिडकीतून सगळे ऐकले. सहा कविता आहेत. पाच फार चांगल्या. सहावी, एकशे बाराव्या पानावरची, संग्रहाची अखेर. तिच्यात राजहंस आहेत. दोन.

न्या सेफेरिना म्हणाली, "आता कळलं, बिचारा तीस वर्षं का कापू देत नव्हता ते. तुम्हाला घाबरत होता!"

सातव्या कलमातल्या परीक्षणात बारावी ओळ वाढवावी: 'शेवटचे पान वाईट आहे.' कान्तेरोने आता म्हणून दाखवावे की मी स्तुती विकली. आणि लिओपोल्दो, बाकीचे मी छापायला देत नाही. ऑगस्ट महिना लागला आहे. समोरासमोर बसून बोलू.

सही: फुल्हेन्सियो रेकाल्दे इन्स्फ्रान
साक्षीदार: आ. फ्रान्को, देओलिंदा सारुबी
आणि, कायद्याने चालत नसले तरी, हट्टाने: सेफेरिना